दोन अर्थ, एक शब्द : मराठीतील भूकंपविषयक लेखनाची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : इंग्रजी संज्ञेला मराठी प्रतिशब्द कोणता घ्यावा? तो संस्कृतातून घडवावा की बोलीतून उचलावा, हा वाद त्यातूनच उद्भवतो. या वादात एक दुसरा प्रश्न मात्र मागे पडतो. दोन भिन्न कल्पनांना आपण एकच शब्द लावला, म्हणजे वाचकाच्या समजुतीचे काय होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भूविज्ञानाच्या मर्यादित क्षेत्रात, आणि तोही मुख्यतः कोयना (१९६७) व किल्लारी (१९९३) येथील भूकंपांवरील मराठी लेखनाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. लेखक भाषेचा अभ्यासक आहे. भूवैज्ञानिक निष्कर्ष त्याने त्या शास्त्राच्या जाणकारांकडून घेतले आहेत. चिकित्सा आहे ती केवळ शब्दांची व वाक्यांची.

खनिजांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा जाचत नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. मुरूम, जांभा, गारगोटी, शाडू, गेरू हे शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत, आणि खाणीवर काम करणारा माणूस त्यांची गल्लत करीत नाही. जेथे शब्द नव्हता तेथे तो बाहेरून आला, त्यानेही काही बिघडले नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे निळेभोर ‘कॅव्हन्साइट’ हे खनिज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्याचे पहिले वर्णन १९७३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन येथील नमुन्यांवरून झाले, आणि कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका या घटकांच्या आद्याक्षरांतून त्याचे नाव घडले. असे नाव म्हणजे वस्तूवर लावलेली चिठ्ठी होय. ती परभाषेतील असली तरी वस्तू डोळ्यांसमोर असते. भूकंपाच्या परिभाषेची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे वस्तू दिसत नाही. घटना काही सेकंदांत संपते, आणि मागे उरते ते तिच्याविषयीचे बोलणे. म्हणून तेथे शब्दाची चूक समजुतीची चूक ठरते.

बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकातील दुकानांत शालेय भूगोलापासून स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत नानाविध पुस्तकांची रास असते. या लेखाच्या निमित्ताने त्यांतील बरीच पुस्तके चाळली. कोणा एका लेखकाचा दोष दाखविण्याचा हेतू नसल्याने त्यांची नावे येथे देत नाही. एका पुस्तकातील वाक्य दुसऱ्यात व दुसऱ्यातील तिसऱ्यात जात असल्यामुळे हे दोष व्यक्तींचे न राहता वळणाचे झाले आहेत. त्या वळणातील तीन शब्द पुढे तपासले आहेत.

पहिला शब्द ‘स्थिर’. दख्खनचे पठार प्राचीन, कठीण व स्थिर आहे, असे विधान आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. भूविज्ञानात ‘स्थिर’ हे विशेषण तुलनेने वापरले जाते. भूपट्टांच्या सीमांपासून दूर असलेल्या खंडांतर्गत प्रदेशांत विरूपणाचा वेग अत्यल्प असतो, आणि म्हणून तेथे मोठे भूकंप विरळ असतात, एवढाच त्याचा आशय आहे. ‘विरळ’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे. परंतु मराठी वाचकाच्या कानाला ‘स्थिर’ हा शब्द असा तरतमभाव सांगत नाही. पृथ्वीच्या पर्यायनामांत ‘अचला’ व ‘स्थिरा’ ही दोन्ही नावे अमरकोशाने दिलेली आहेत. म्हणजे या शब्दामागे एक जुना विश्वासही उभा आहे. परिणामी ‘स्थिर’ हा शब्द वाचता वाचता ‘सुरक्षित’ या अर्थाने घेतला जातो.

या अर्थांतराची किंमत लहान नाही. कोयनेच्या भूकंपानंतर तो परिसर भूकंपक्षेत्रांच्या नकाशात चौथ्या विभागात घालण्यात आला. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द करण्यात आला. शास्त्राने आपली संज्ञा अशी दुरुस्त केली. आपल्या पुस्तकांतील ‘स्थिर’ मात्र जागच्या जागी राहिला. १९९३ नंतर किल्लारी येथे घेतलेल्या ६१७ मीटर खोल विवरात ३३८ मीटरांवरच बेसाल्ट संपला व त्याखाली त्याहून फार प्राचीन खडक लागले. पठाराचा जो काळा पाषाण आपण पाहतो तो वरचे आवरण आहे. त्याचा टणकपणा पाहून खालच्या भेगांविषयी निर्वाळा देता येत नाही. ‘मृतप्राय’च्या धर्तीवर ‘स्थिरप्राय’ असा शब्द योजिल्यास मूळ संज्ञेतील तरतमभाव एका प्रत्ययाने राखता येईल, असे सुचवावेसे वाटते.

दुसरा शब्द ‘तीव्रता’. ‘६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’ ही रचना वृत्तपत्रांतून इतकी रूढ झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे हे जाणवतही नाही. वस्तुतः या चार-पाच शब्दांत तीन चुका आहेत. ‘स्केल’ म्हणजे मोजपट्टी. ती एककासारखी वापरली आहे. रिश्टरने १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातील स्थानिक भूकंपांसाठी आपली श्रेणी मांडली. मोठ्या भूकंपांसाठी आज निराळी श्रेणी वापरतात. तिसरी व गंभीर चूक ‘तीव्रता’ या शब्दाची आहे. भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप ते त्याची ‘महत्ता’. ती प्रत्येक भूकंपास एकच असते. विशिष्ट ठिकाणी जमीन किती हादरली व घरादारांवर काय परिणाम झाला याचे माप ती ‘तीव्रता’. ती गावागणिक बदलते आणि बारा पायऱ्यांच्या श्रेणीने सांगतात. दोन कल्पना आहेत, आणि मराठीत दोन शब्दही आहेत. तरी आपण एकावरच भागवितो.

याचा परिणाम कोयना व किल्लारी यांची तुलना करताना स्पष्ट होतो. कोयनेच्या भूकंपाची महत्ता सुमारे ६.३, किल्लारीची सुमारे ६.२. दोन्ही पहाटेच्या अंधारात झाले. कोयनेला सुमारे २०० माणसे दगावली. किल्लारीच्या परिसरात, निरनिराळ्या गणतींनुसार, आठ ते दहा हजार. दोन्ही भूकंपांची ‘तीव्रता’ जवळजवळ सारखीच होती असे लिहिल्यावर मृतांच्या संख्येतील हा फरक दैवाच्या खात्यावर जातो. ‘महत्ता’ सारखी होती असे लिहिले तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मग फरक कशाचा? त्याचे उत्तर दाट वस्तीत, आणि मुख्यतः घरांच्या बांधणीत सापडते. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीच्या थरांनी जड झालेले माळवद, अशी तेथील घरे होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे त्या भिंतींच्या आत झोपली होती. योग्य शब्दाने येथे वाचकाचे लक्ष आकड्यावरून भिंतीकडे वळविले असते.

तिसरा विषय कार्यकारणाचा. कोयनेच्या धरणात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले, त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. प्रारंभी या संबंधाविषयी दोन टोकांची मते होती. एका मताने हा निव्वळ योगायोग होता. आपल्या म्हणीच्या भाषेत, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. दुसऱ्या मताने धरणामुळे भूकंप झाला. चीनमधील सिनफेंगकियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) येथील जलाशयांचा अनुभव पाहता योगायोगाचे मत टिकले नाही. परंतु ‘धरणामुळे’ हे विधानही जसेच्या तसे टिकत नाही. ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात ‘मूळ’ हा शब्द आहे. ‘धरणामुळे’ म्हणताना आपण भूकंपाचे मूळ धरणात ठेवतो. शास्त्र तसे म्हणत नाही. खडकांतील ताण भूवैज्ञानिक काळात साठलेला असतो आणि भेगेच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी ही पकड सैल होते, आणि साठलेला ताण मोकळा होतो. म्हणूनच ‘इंड्यूस्ड’ हा शब्द मागे सारून ‘ट्रिगर्ड’ हा शब्द या विषयाचे अभ्यासक पसंत करू लागले. मराठीत मात्र ‘जलाशयप्रेरित भूकंप’ हा एकच प्रयोग दोन्हींसाठी चालतो, आणि ‘प्रेरणा’ म्हटली की प्रेरणारा कर्ता आलाच. ‘ट्रिगर’चे शब्दशः ‘चाप’ असे भाषांतर केले तरी चाप ओढणारा हात त्यात राहतोच.

या ठिकाणी आपल्याच भाषेकडे वळणे श्रेयस्कर आहे. ‘निमित्त’ हा शब्द न्यायशास्त्रातून आला असला तरी मराठीत तो घरोघरी वापरात आहे. पिकलेले पान गळायला वाऱ्याचे निमित्त होते. पान वाऱ्यामुळे पिकत नाही. कोयनेचा संबंध याहून नेमकेपणाने सांगणे कठीण. ‘जलाशयाच्या निमित्ताने झालेला भूकंप’ असे लिहिले की योगायोग व मूळ कारण या दोहोंमधली जागा आपोआप दाखविली जाते. संशोधनाची दिशाही त्यातून स्पष्ट होते : निमित्त पृष्ठभागावर मोजता येते, कारण मात्र खाली जाऊन शोधावे लागते. गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेले सुमारे तीन किलोमीटर खोलीचे विवर याच शोधाचा भाग होय. तेथे बेसाल्टचा थर सुमारे साडेबाराशे मीटर जाडीचा भरला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. मराठीत ‘निमित्त’ म्हणजे सबब असाही अर्थ आहे, व ‘निमित्तमात्र’ म्हणून हात झटकण्याची सोयही आहे. धरणाला निमित्त म्हटले तर ते बांधणारे जबाबदारीतून सुटतील काय? माझ्या मते नाही. पान पिकलेले आहे हे एकदा कळल्यावर वाऱ्याला आवरण्याची जबाबदारी वाढते. जलाशयाची पातळी किती वेगाने वाढू द्यावी हा प्रश्न निमित्ताच्या ज्ञानातूनच निर्माण झाला. शिवाय भूकंपाचे कारण आणि मृत्यूचे कारण या दोन गोष्टी आहेत. भूकंपाला धरण निमित्त असू शकेल. परंतु भिंतीखाली सापडलेल्या माणसाच्या मृत्यूला भूकंप हे निमित्त व भिंत हे कारण, असेही म्हणता येईल, आणि भिंत सुधारणे मनुष्याच्या हाती आहे.

तात्पर्य, या तीनही ठिकाणी मराठीजवळ शब्दांची उणीव नव्हती. असलेले भेद लेखनात राखले गेले नाहीत. पाठ्यपुस्तकांच्या लेखकांनी व संपादकांनी निदान ‘महत्ता’ व ‘तीव्रता’ यांतील भेद तरी तत्काळ पाळावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक वेगळे काम आहे. पाटण, औसा, उमरगा या तालुक्यांतील माणसे जमिनीच्या हालचालीला कोणकोणते शब्द वापरतात, हादरा, धक्का, गडगडाट यांत ती कोणता भेद करतात, आणि १९६७ व १९९३ च्या घटना सांगताना ‘मुळे’ म्हणतात की ‘निमित्ताने’, याची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. कोयनेचा भूकंप जाणत्या वयात अनुभवलेली माणसे आज सत्तरीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. ही नोंद करावयाची तर येत्या काही वर्षांतच करावी लागेल.