थाळीला चार, काठाला शून्य

महाळुंगेतल्या कंपन्यांत राबणाऱ्या आमच्यासारख्यांचं सुट्टीचं बाहेरचं जेवण म्हणजे बऱ्याचदा आळंदी. आधी दर्शन, मग घाटाजवळ थाळी. चवीबद्दल माझी तक्रार नाही. पिठलं झणझणीत, भाकरी तव्यावरची, सोबत ठेचा. खटकतं ते वेगळंच. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली त्या गावात, नदीकाठी जेवताना मी नदीकडे पाठ करून बसतो. कारण इंद्रायणीवर वारंवार पांढरा फेस तरंगतो. त्यात कारखान्यांचं रसायन आहे, शहरांचं सांडपाणी आहे.

गंमत म्हणजे ताटातल्या भाताचं नावही इंद्रायणी. आंबेमोहोराच्या संकरातून हे वाण याच नदीच्या खोऱ्यात, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं, १९८७ मध्ये. भाताचा वास आपण कौतुकाने घेतो. नदीचा आला की नाक धरतो.

रिव्ह्यू लिहिताना आपण चव, सर्व्हिस, अगदी पार्किंगलाही स्टार देतो. मग काठावरच्या जेवणात नदीलाही द्यायला हवेत. माझे थाळीला चार, काठाला शून्य. फक्त हे शून्य हॉटेलवाल्याच्या नावावर टाकू नका. ते आमच्या औद्योगिक पट्ट्याच्याही खात्यावर लिहावं लागेल.