अभ्यासक्रमाचा निर्णय : कोणाचा आणि कसा?

विद्यापीठात काय शिकविले जाते, याविषयी आपला समाज जागरूक आहे. एखादा पाठ वगळला गेला, एखाद्या लेखकाचे नाव गाळले गेले, की निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात, वृत्तपत्रांत पत्रे येतात. परंतु तो पाठ कोणत्या सभेत वगळला गेला, त्या सभेत कोण होते, कोणी विरोध केला आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदविला गेला काय, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. निर्णयाची वार्ता आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा निर्णयाची प्रक्रिया संपून गेलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय ही प्रक्रियाच आहे. पाठ चांगला की वाईट, यावर मतभेद होऊ शकतात. तो कोणी व कोणत्या रीतीने ठरवावा, याला मात्र कसोटी आहे आणि ती लावता येते.

विद्यापीठांची रचना पाहता ही प्रक्रिया शिडीसारखी आहे. महाराष्ट्रात विषयाचे अभ्यासमंडळ मसुदा तयार करते, तो विद्याशाखेपुढे जातो आणि विद्यापरिषद त्यास मान्यता देते. दिल्ली विद्यापीठात विभागाची अभ्यासक्रम समिती, विद्याशाखा, शैक्षणिक बाबींची स्थायी समिती, विद्यापरिषद आणि शेवटी कार्यकारी परिषद असा क्रम आहे. दोन्हीकडे गृहीततत्त्व एकच आहे : विषय जाणणारा प्रथम बोलेल आणि वरच्या पायऱ्या त्याचे बोलणे तपासतील. वरची पायरी खालच्या पायरीचे काम स्वतःच करू लागली, की शिडीला अर्थ राहत नाही.

दिल्लीतील दोन घटना

ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्यापरिषदेपुढे इंग्रजी विषयाच्या बी. ए. (ऑनर्स) पाचव्या सत्राचा अभ्यासक्रम आला. त्यातून बामा आणि सुकीर्तराणी या दोन दलित तमिळ लेखिकांचे लेखन, तसेच महाश्वेता देवी यांची ‘द्रौपदी’ ही कथा वगळण्यात आली होती. हा बदल इंग्रजी विभागाने सुचविलेला नव्हता. ‘पर्यवेक्षण समिती’ नावाच्या वेगळ्या समितीने तो केला होता. विद्यापरिषदेच्या पंधरा सदस्यांनी लेखी असहमती नोंदविली. समितीत विषयाचे तज्ज्ञ नाहीत, दलित वा आदिवासी सदस्य नाही, आणि दलित लेखिकांच्या जागी पंडिता रमाबाईंचे लेखन घालण्यात आले आहे, असे त्यांचे आक्षेप होते. विद्यापीठाचे म्हणणे असे की, अभ्यासक्रम लोकशाही पद्धतीनेच संमत झाला आहे, लेखकाची जात पाहण्याचे कारण नाही, आणि भाषेच्या पाठाने कोणाच्या भावना दुखावू नयेत.

रमाबाईंचे लेखन अभ्यासक्रमात असण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती अदलाबदलीच्या रीतीला. स्त्रियांच्या लेखनाच्या अभ्यासपत्रिकेत दलित स्त्रीचा स्वर कशासाठी आहे, हे सांगण्याची जबाबदारी ज्यांनी ती अभ्यासपत्रिका रचली त्यांची होती. तो काढताना कारण देण्याची जबाबदारी ज्यांनी काढला त्यांची. पहिल्यांनी आपले काम केले होते. दुसऱ्यांनी जे कारण दिले ते साहित्याचे नव्हते, भावनांचे होते.

भावनांचे हे कारण पालिच्या अभ्यासकाने विशेष काळजीपूर्वक ऐकावयास हवे. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त व वासेट्ठसुत्त, दीघनिकायातील अम्बट्ठसुत्त आणि अग्गञ्ञसुत्त ही सुत्ते जन्मश्रेष्ठतेच्या दाव्याची निर्भीड चिकित्सा करतात. ‘कोणाच्या भावना दुखावू नयेत’ ही कसोटी उद्या पालिच्या अभ्यासपत्रिकेला लावली, तर यांपैकी एकही सुत्त तिच्यातून पार पडणार नाही. आज जो नियम बामांना लागला, तो उद्या अस्सलायनाला लागणार नाही, याची हमी काय?

दुसरी घटना मे २०२३ ची आहे. त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात डॉ. आंबेडकरांच्या तत्त्वज्ञानावरील ऐच्छिक अभ्यासपत्रिका २०१५ पासून होती. ती वगळावी अशी सूचना स्थायी समितीच्या पातळीवर आली. विभागाच्या अभ्यासक्रम समितीने तीव्र विरोध केला आणि तो कुलगुरूंना कळविला. बाहेरही गदारोळ झाला. अखेरीस आंबेडकरांवरील अभ्यासपत्रिका राहिली. गांधी व विवेकानंद यांच्यावरील अभ्यासपत्रिकांनाही मान्यता मिळाली.

या निकालाचे आपल्याकडे स्वागत झाले आणि ते स्वाभाविक होते. तथापि हा आनंद अपुरा आहे. अभ्यासपत्रिका वाचली, पण ती सूचना कोणत्या शैक्षणिक कारणाने पुढे आली, याचा उलगडा झाला नाही. विभागाचे मत बंधनकारक आहे असेही ठरले नाही. दबावाने वाचलेली गोष्ट उलट दिशेच्या दबावाने जाऊ शकते. २०२१ मध्ये असहमतीची लेखी नोंद होती, पण ती ऐकली गेली नाही. २०२३ मध्ये आवाज ऐकला गेला, पण नियम जेथे होता तेथेच राहिला. दोन्ही वेळी प्रक्रिया दुबळीच राहिली.

विनयाची कसोटी

सभेचा निर्णय केव्हा ग्राह्य मानावा, या प्रश्नाचा भारतातील एक अतिशय प्राचीन व सूक्ष्म विचार विनयपिटकात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कामकाजातील आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी इत्यादी नियमांचा उल्लेख केला होता, तो याच आधारावर. संघ म्हणजे विद्यापीठ नव्हे, हे मान्य आहे. परंतु सभाशास्त्राची कसोटी म्हणून हे नियम आजही उपयोगी पडतात.

महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात संघकर्माचे प्रकार सांगितले आहेत. धर्माने व समग्र संघाने केलेले कर्म तेवढेच ग्राह्य. समग्र कोणता? ज्यांना येण्याचा अधिकार आहे ते आले आहेत, जे येऊ शकले नाहीत त्यांचा छन्द म्हणजे संमती आणली गेली आहे, आणि उपस्थितांपैकी कोणी विरोध करीत नाही, तो. यांपैकी काही उणे असेल तर कर्म ‘वग्ग’ म्हणजे अपूर्ण होय. याखेरीज एक प्रकार ‘धम्मपतिरूपक’ असा सांगितला आहे. म्हणजे वरवर धर्मासारखे दिसणारे कर्म. त्याचे लक्षण असे की, कम्मवाचा आधी ऐकविली जाते आणि ञत्ति, म्हणजे प्रस्ताव, नंतर ठेवला जातो. शब्द सगळे तेच असतात, क्रम मात्र उलटा असतो. आणि तेवढ्याने कर्म अवैध ठरते.

या लक्षणाशी २०१० सालचे मुंबई विद्यापीठातील प्रकरण ताडून पाहावे. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी द्वितीय वर्ष कला शाखेच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून काढण्यात आली, ती कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात. तातडीच्या अधिकाराचे स्वरूपच असे आहे की, निर्णय आधी होतो आणि संबंधित प्राधिकरणाला मागाहून कळविला जातो. पूर, संप, परीक्षेतील गोंधळ अशा प्रसंगी तो अधिकार आवश्यक आहे. परंतु जी कादंबरी वर्गांत शिकविली जात होती, तिच्याबाबत कोणती आपत्ती ओढवली होती? अभ्यासक्रमाच्या बाबतीत या अधिकाराचा वापर म्हणजे कम्मवाचा आधी आणि ञत्ति मागाहून.

समित्यांचेही तसेच. मोठ्या सभेत वाद आवरेनासा झाला तर तो लहान समितीकडे सोपविण्याची सोय विनयात आहे. तिला ‘उब्बाहिका’ म्हणतात. मात्र तिच्या सदस्याला पात्रता लागते. तो बहुश्रुत हवा, विनयात कुशल हवा. वेसालीच्या संगीतीत दहा वस्तूंचा वाद अशाच आठ भिक्खूंच्या समितीकडे गेला. त्यांत चार पूर्वेकडचे आणि चार पश्चिमेकडचे होते. म्हणजे जाणकारी आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधित्व या दोन अटी एकत्र पाळल्या गेल्या. २०२१ च्या पर्यवेक्षण समितीवर असहमत सदस्यांनी घेतलेले आक्षेप नेमके याच दोन अटींविषयी होते.

महाराष्ट्र आणि पालि

आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या. पालि मानव्यविद्येत येते. अभ्यासमंडळात संलग्न महाविद्यालयांतील विभागप्रमुखांतून निवडून येणारे सदस्य तीन, आणि नामनिर्देशित व स्वीकृत सदस्य त्यांहून अधिक, अशी मांडणी आहे. नामनिर्देशनाने चांगली माणसे येऊ शकतात, हे खरे. पण ज्याने नेमले त्याला नाही म्हणण्याचे बळ नेमलेल्या माणसाला क्वचितच असते.

पालिसारख्या लहान विषयाची अडचण याहून मोठी आहे. इतिहास वा मराठी यांचे विभाग शेकडो महाविद्यालयांत असतात. पालिचे विभागप्रमुख मोजकेच. त्यांतली एखादी जागा रिक्त राहिली, की मंडळातला एक जाणता आवाज जातो. विद्याशाखेच्या मोठ्या सभेत पालिची बाजू मांडणारा एखादाच असला, तर त्याचे मौन ही संमती समजली जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, प्राकृत, असमिया व बंगाली यांच्याबरोबर पालिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा सन्मान मोठा आहे. परंतु त्याने वर्गात एक सुत्तही आपोआप वाढत नाही. त्याआधी २०१३ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून पालि वगळली गेली, तेव्हा तो निर्णय कोणत्याही अभ्यासमंडळाने घेतला नव्हता. पण पालि घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हिशेबात त्याने फरक पडलाच. दर्जा वरून येतो, वगळणूकही वरून येते. विषय टिकतो तो मात्र खाली, मंडळाच्या टेबलावर.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीच्या श्रेयांकांचा आराखडा ठरवून दिला; त्यात भारतीय ज्ञानप्रणालीला स्थान आहे. चौकट शासनाने दिली, ती भरावयाची विद्यापीठांनी. या ज्ञानप्रणालीत तिपिटक, मिलिन्दपञ्ह, अशोकाचे शिलालेख, नालंदा यांना किती जागा असावी? बौद्ध विचार तेथे स्वतःच्या परिभाषेत येईल, की दुसऱ्या परंपरेची शाखा म्हणून एका ओळीत उरकला जाईल? याचे उत्तर पालिच्या मंडळाला विचारून दिले जावे, एवढी किमान अपेक्षा आहे.

तज्ज्ञांचे राज्य पुरेसे आहे काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. अभ्यासक्रम केवळ प्राध्यापकांच्या हाती दिला, तर तो न्याय्य होईल काय? दीर्घकाळ विद्यापीठांतील प्राध्यापकवर्ग कोणत्या जातींचा होता, हे आपणांस ठाऊक आहे. दलित साहित्य अभ्यासक्रमात आले ते तज्ज्ञांच्या औदार्याने नव्हे, बाहेरच्या चळवळीच्या रेट्याने.

आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरात त्यांनी केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर टीका करून अध्यापन व संशोधन यांना केंद्रस्थान दिले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. ज्ञान जाणणाऱ्याला स्वातंत्र्य हवे आणि त्या जाणणाऱ्यांत सर्व समाज हवा, असा या दोन भूमिकांचा एकत्र अर्थ होतो. मंडळ एकाच वर्गाचे असेल तर उपाय मंडळ बदलणे हा होय. मंडळाला डावलून वरून पाठ बदलणे हा नव्हे. डावलण्याची वाट एकदा रुळली, की तिच्यावरून आधी दुबळ्यांचेच पाठ बाहेर जातात. २०२१ ने हेच दाखविले.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पाठ वगळताना वा घालताना कारण लेखी असावे आणि विरोधी मत इतिवृत्तात शब्दशः यावे. वरच्या प्राधिकरणाला मसुदा अमान्य असेल तर त्याने तो कारणासह मंडळाकडे परत पाठवावा, स्वतः पाठ बदलू नये. तातडीचा अधिकार अभ्यासक्रमाला लागू नसावा. लहान विषयांच्या मंडळांवर इतर विद्यापीठांतील जाणकार आवर्जून घ्यावेत.

आणि काही गोष्टी आपण स्वतः करावयाच्या आहेत. अधिसभेच्या नोंदणीकृत पदवीधर मतदारसंघात दहा जागा असतात. त्या निवडणुकीसाठी आपले कार्यकर्ते उन्हातान्हात फिरतात. ते योग्यच आहे. परंतु अभ्यासक्रम अधिसभेत ठरत नाही. तो जेथे ठरतो, त्या मंडळाच्या निवडणुकीची तारीखही आपल्याला बहुधा माहीत नसते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. मंडळाच्या इतिवृत्ताची प्रत मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. वर्षातून एकदा आपल्या विषयाचे इतिवृत्त मागवून वाचणारे दहा पदवीधर प्रत्येक विद्यापीठात निघाले, तर पाठ वगळल्याची वार्ता वृत्तपत्रातून कळण्याची पाळी येणार नाही. विरोध सभा संपल्यावर नव्हे, सभेत व्हावयास हवा. प्रस्ताव ठेवला जात असताना जो बोलतो, त्याचाच विरोध विनय मोजतो.