बापाचं जन्मगाव, मुलाची खासदारकी

बार्नबी जॉइस २०१७ साली ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान होते. जन्म टॅमवर्थचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातलाच. वडील मात्र न्यूझीलंडमध्ये जन्मलेले, १९४७ मध्ये इकडे आलेले. न्यूझीलंडच्या कायद्याप्रमाणे वडिलांमुळे मुलगाही आपोआप तिथला नागरिक झाला. जॉइसना याचा पत्ताच नव्हता. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथल्या हायकोर्टाने (हेच त्यांचं सर्वोच्च न्यायालय) सातही न्यायाधीशांच्या एकमताने त्यांना अपात्र ठरवलं. सोबत आणखी चार जण. त्यातल्या लॅरिसा वॉटर्स कॅनडात जन्मल्या होत्या आणि अकरा महिन्यांच्या असताना तिथून निघाल्या होत्या.

१९०१ सालच्या घटनेचं ४४वं कलम म्हणतं की परक्या सत्तेच्या नागरिकाला संसदेत बसता येणार नाही. हेतू रास्त आहे, खासदाराची निष्ठा दोन दगडांवर नको. पण निष्ठा मोजणार कशी? आमच्या लॅबमध्ये एखादी गोष्ट थेट मोजता येत नसेल तर तिच्याऐवजी दुसरं काहीतरी मोजतो, आणि मग या दोघांचा खरंच संबंध आहे का हे तपासत बसतो. (गाइडची बोलणी बहुतेक इथेच खावी लागतात.) कोर्टाने नागरिकत्व मोजलं आणि ही तपासणी सोडून दिली. 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही, असं ठरवलं. त्याला कारण आहे, नाही असं नाही. कोणाला काय ठाऊक होतं हे उकरत बसलं तर निकालात नेमकेपणा उरणार नाही.

पण मग निक झेनोफन कसे सुटले? वडिलांच्या सायप्रसमधल्या जन्मामुळे ते ब्रिटनचे 'ओव्हरसीज' नागरिक होते. कोर्ट म्हणालं, या नागरिकत्वाने ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्कसुद्धा मिळत नाही, सबब ते धरायचं नाही. म्हणजे कागदामागे हक्क किती हे बघायचं, निष्ठा आहे का हे मात्र नाही! आणि कलम तर निष्ठेसाठी होतं ना?

परदेशी कायदा नागरिकत्व सोडूच देत नसेल आणि माणसाने शक्य ते सगळं केलं असेल, तर कोर्ट सूट देतं. ज्याला ठाऊकच नाही तो काय करणार? २०१६ च्या जनगणनेनुसार जवळपास निम्मे ऑस्ट्रेलियन एकतर स्वतः परदेशात जन्मलेले, नाहीतर आई-वडिलांपैकी कुणीतरी. त्यांच्यातल्या कुणी निवडणूक लढवायची हे अंशतः दुसऱ्या देशांच्या संसदा ठरवणार.

आपल्या घटनेच्या अनुच्छेद १०२ मध्येही परक्या देशाच्या नागरिकत्वाची अट आहे, पण तिथे 'स्वेच्छेने' संपादन केलेलं नागरिकत्व असा शब्द आहे. बापाकडून नकळत चिकटलेलं आणि स्वतः अर्ज करून मिळवलेलं, यातला फरक त्या एका शब्दात येतो. ऑस्ट्रेलियाला तो घालायचा तर सार्वमत लागेल, आणि २०१७ पर्यंत तिथे ४४ प्रस्तावांपैकी फक्त ८ मंजूर झाले होते. जॉइसनी न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडलं आणि २ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत ते त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून आले.