आठवणींची पुस्तके : बहिरंग आणि अंतरंग

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात कथा, कादंबऱ्या आणि दिवाळी अंक यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत एक नवाच खण भरत चालला आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या पिढीने निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणींचा हा खण. पुण्यामुंबईच्या एखाद्या छापखान्यातून दोनशे-तीनशे प्रती काढायच्या, तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून त्या मागवायच्या आणि पंचाहत्तरीच्या समारंभात जेवणानंतर एकेकाच्या हातात ठेवायच्या, अशी आता रीतच पडली आहे. आपण पुस्तक घेतो, "वा, छान झालंय!" म्हणतो, घरी येऊन फोटो पाहतो, त्यात आपण कुठे आहोत का तेही पाहतो, आणि पुस्तक कपाटात जाते.

ही सभ्य शब्दांतली उपेक्षाच म्हणायची. ज्या माणसाने दोन-तीन वर्षे बसून आपले आयुष्य कागदावर उतरवले, त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा निदान एक वाचक मिळायला हवा. म्हणून या हिवाळ्यात मी त्या खणातली डझनभर पुस्तके वाचून काढली. लेखकांची नावे मी घेणार नाही. ही माणसे आपल्यातली आहेत, पुस्तके घरगुती आहेत, आणि गुणदोष म्हणाल तर बहुतेक सामाईक आहेत. तुलनेला मात्र मराठीतली नामवंत पुस्तके घेणार आहे. "आम्ही कुठले साहित्यिक?" हा बचाव मला मान्य नाही, कारण ज्या बाईंचे पुस्तक मी मोजपट्टी म्हणून वापरणार आहे, त्या शाळेची पायरीही चढलेल्या नव्हत्या.

बहिरंग

आधी मुखपृष्ठ. एका बाजूला कौलारू घर आणि तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, मधून उडणारे विमान. थोड्याफार फरकाने हेच चित्र चार पुस्तकांवर आहे. आत गेल्यावर जाड चकचकीत कागद, प्रत्येक पानाला कोयरीची किनार, प्रकरणाचे नाव एका वळणात, मजकूर दुसऱ्यात आणि फोटोखालच्या ओळी तिसऱ्यात. ज्याला जे ठळक वाटले ते त्याने जाड केले, जे अधिक ठळक वाटले ते जाड करून त्याखाली रेघ ओढली. लग्नपत्रिकेला हे शोभते, कारण ती अर्ध्या मिनिटात वाचून व्हायची असते. दोनशे पानांच्या पुस्तकात डोळे शिणतात.

कुणी म्हणेल, हा हौसेचा भाग आहे, त्यात काय एवढे? पण देवनागरीचे म्हणून काही हिशेब आहेत आणि ते चुकले की वाचणेच अवघड होते. आपल्या अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि ऋकार असतात. त्यामुळे रोमन लिपीपेक्षा आपल्या दोन ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. शब्दाखाली रेघ ओढली तर ती उकारांना कापत जाते. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरे एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमन लिपीत चालणारे तिरपे अक्षरही आपल्या लिपीच्या परंपरेतले नाही.

फॉन्टचा घोटाळा तर याहून गमतीचा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' हे आपले खास मराठी जोडाक्षर पुष्कळदा बिघडते आणि त्याच्या जागी रफार येऊन बसतो. मग 'दऱ्या' ओलांडायच्या ऐवजी माणूस 'दर्या' ओलांडतो. एका पुस्तकात लेखकाच्या मुंजीत जिलब्या तळायला चक्क आचार्य बसले आहेत. ते बिचारे आचारी होते. 'ल' आणि 'श' यांचेही तेच. या अक्षरांचे मराठी वळण वेगळे, हिंदीचे वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये काढलेल्या निर्णयात मराठी वळण प्रमाण ठरवून दिले आहे. आपल्या पुस्तकांत मात्र फॉन्ट देईल ते वळण, कधी तर एकाच पानावर दोन्ही.

अमेरिकेविषयी मराठीत लिहिले गेलेले एक आरंभीचे आणि महत्त्वाचे पुस्तक म्हणजे पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. ते १८८९ मध्ये मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातून निघाले. शुद्ध आणि सुबक छपाईसाठी या छापखान्याचे नाव आजही घेतले जाते, आणि तिथला एकेक खिळा हाताने जुळवला जात असे. आपल्याजवळ कॉम्प्युटर आहे, पैसा आहे, वेळही आहे. कमी आहे ती फक्त छापण्यापूर्वी पान डोळ्यांसमोर धरून वाचून पाहण्याची सवय.

हे मी एवढे लांबवतो आहे त्याला कारण आहे. ही पुस्तके नातवंडांसाठी लिहिली आहेत, असे बहुतेक अर्पणपत्रिकांत म्हटलेले असते. ती नातवंडे रविवारच्या मराठी शाळेत अक्षर अक्षर लावून वाचायला शिकली आहेत. 'आचार्य' आणि 'आचारी' यांतला फरक ती संदर्भाने भरून काढू शकत नाहीत. एकमेकांत अडकलेल्या ओळी पाहिल्या की ती पुस्तक मिटतात, आणि आजी-आजोबांना वाटते की मुलांना गोडी नाही.

फोटोंविषयी एवढेच सांगतो की साठ फोटोंपेक्षा दहा निवडलेले बरे, आणि त्यांच्याखाली कोण, कुठे, कधी हे लिहिलेले असावे. नुसते 'एका समारंभात' असे लिहिले तर तो फोटो आणखी वीस वर्षांनी अनोळखी माणसांचा होईल. फोटोंऐवजी चित्रे हवी असतील तर पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) काढून पाहावी. शि. द. फडणीसांच्या रेषा तिथे मजकुराची सजावट करत बसत नाहीत. त्या आपल्या परीने तीच गोष्ट सांगतात.

अंतरंग

पुलंचे नाव निघालेच आहे तर पहिला दोष तोच सांगतो. डझनातल्या निम्म्या पुस्तकांवर त्यांची छाया आहे. विमानातला गोंधळ, पहिला एस्कलेटर, काट्याचमच्याची फजिती हे सगळे त्यांच्या ढंगात लिहायचा प्रयत्न होतो आणि विनोद झाला आहे हे कळावे म्हणून वाक्याशेवटी तीन-तीन उद्गारचिन्हे येतात. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. त्यांनी दिलेला साठा आपण एकाच पिढीत संपवणार असे दिसते. पुलंची गंमत उद्गारचिन्हांत नव्हती. नव्या देशात ते स्वतःकडेच जरा बाजूला उभे राहून पाहत होते. ती नजर उसनी मिळत नाही.

दुसरा दोष बायोडेटाचा. कुठे रुजू झालो, बढती कधी मिळाली, कोणते घर केवढ्याला घेतले, मुले कोणत्या विद्यापीठात गेली, हे सगळे तारीखवार येते. तिसरा दोष त्याच्या अगदी उलटा, म्हणजे शब्दांच्या फुलोऱ्याचा. मायभूमी, कृतज्ञता, अंतःकरण, संस्कारांची शिदोरी असे शब्द आले की लेखकाला नेमके काय वाटले ते कळायचे राहूनच जाते. कोयरीची किनार आणि हा फुलोरा एकाच जातीचे. दोघेही जागा भरतात.

चौथा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. या पुस्तकांत कुणी कुणाशी भांडत नाही. भाऊ समजूतदार, वहिनी प्रेमळ, बॉस दिलदार, पत्नी खंबीर. १९७० च्या सुमारास विमान आणि अवकाश उद्योगांत मंदी येऊन हजारो इंजिनिअरांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत आपलेही लोक होते. अशाच एका गृहस्थांच्या पुस्तकात नोकरी गेली आणि देवाच्या कृपेने दुसरी मिळाली, हे एका वाक्यात उरकले आहे. मधले महिने कसे गेले? घरी पत्रात काय कळवले? व्हिसाचे काय झाले? पुढे घराच्या तळघराचे काम कसे करून घेतले याला मात्र चार पाने आहेत.

आता मोजपट्टी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचा जन्म १८६८ चा, लग्न लहानपणीच झालेले, लिहावाचायला शिकवले ते नवऱ्याने. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता आणि त्यासाठी त्याला आईच्या आठवणी हव्या होत्या, त्यातून हे पुस्तक जन्माला आले. म्हणजे ही सुरुवात आपल्यासारखीच घरगुती. पण बाई काय काय सांगतात पाहा. सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायला लावणारे वडील, न सांगता घरातून निघून जाणारा तापट पण मनाने उदार नवरा, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेला संसार, पुढची ताटातूट, आणि मग हळूहळू, एकेक पायरी चढत, स्वतःच्या मनातून गेलेला जातिभेद. टिळकांवर त्यांचे अतोनात प्रेम होते, हे आपल्याला टिळकांच्या दोषांच्या वर्णनातूनच कळते. भाषा बोलण्यातली आणि वाक्ये छोटी. स्वतःची फजिती त्या जशी घडली तशी सांगून पुढे जातात. म्हणूनच हे पुस्तक आजही वाचले जाते आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

इरावती कर्वे यांची गोष्ट निराळी. त्या बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी. बायोडेटा मांडायचाच तर तो त्यांना शोभला असता. 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातल्या त्याच नावाच्या लेखात तो येतोही, पण कसा? सभेत त्यांची ओळख करून दिली जाते ती कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी अशी. काहीतरी राहून गेले असे त्यांना वाटत राहते. मग रस्त्यात पोरांच्या तोंडून आपण अमक्याची आई असल्याचे कानावर येते आणि ओळख पुरी होते. या शेवटाशी आज कुणी वाद घालील, घालावाही. पण नावाआधीच्या पदव्या बाजूला ठेवून स्वतःची ओळख कुठे सापडते हे शोधण्याची जी रीत आहे, ती शिकण्याजोगी आहे.

आपल्या खणात असे काहीच नाही का? आहे. एका बाईंनी पहिल्या वर्षाच्या स्वयंपाकाची आठ पाने लिहिली आहेत. हरभऱ्याची डाळ मिळेना म्हणून पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण, बिस्क्विक आणि दुधाच्या पावडरीचे गुलाबजाम, सावर क्रीमचे श्रीखंड, आणि हिंगाचा वास शेजारणीला जाऊ नये म्हणून बर्फात उघडी ठेवलेली खिडकी. गावाची आठवण येत होती असे त्या कुठेही लिहीत नाहीत. आपल्याला ते खिडकीवरून कळते.

दुसरी जागा एका निवृत्त प्राध्यापकांच्या पुस्तकातली. वडील त्या वर्षी गेले आणि जाणे झाले नाही, एवढे एकच वाक्य. पत्र हाती पडले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आधीच्या तीन पानांत मायभूमीचा फुलोरा आहे, पण इथे येताच लेखकाची लेखणी आपोआप उघडी झाली. या पिढीतल्या कितीतरी जणांचे दुःख त्या एका ओळीत आहे. दुर्दैवाने ती परिच्छेदाच्या मध्येच गाडली गेली आहे, आणि पुढचे वाक्य पदोन्नतीचे आहे. तिच्यानंतर परिच्छेद तोडून एक ओळ कोरी सोडली असती, तर वाचणारा तिथे क्षणभर थांबला असता. बहिरंग आणि अंतरंग वेगळे नाहीत ते असे. शब्द कुठे संपवायचे आणि कागद कुठे मोकळा ठेवायचा, हे दोन्ही निर्णय एकच माणूस एकाच भावनेतून घेत असतो.

जे आज लिहीत आहेत त्यांना माझे थोडक्यात सांगणे असे. किनार काढा, फॉन्ट एकच ठेवा, ओळींना श्वास घेऊ द्या. 'ऱ्य' असलेले शब्द प्रुफात एकेक करून तपासा. घराच्या किमतीची पाने कमी करा आणि नोकरी गेल्याचे ते महिने लिहा. ज्याच्याशी भांडण झाले त्याचे भांडण लिहा, निदान आपली बाजू चुकत कुठे होती तेवढे तरी. नातवंडे मोठी होऊन प्रश्न विचारतील ते नेमके याबद्दल, आणि तेव्हा उत्तर द्यायला हे पुस्तकच असेल.

मंडळालाही एक सूचना. नाटकाच्या तालमीला आपल्याकडे पंधरा माणसे दर शनिवारी जमतात. हस्तलिखित छापायला जाण्यापूर्वी ते वाचून स्पष्ट मत देणारी तिघांची समिती आपण का नेमू नये? त्यात एक जण अठरा-वीस वर्षांचा, इथेच वाढलेला असावा. त्याला जिथे अडखळायला होईल तिथे पेन्सिलीने खूण करायची, एवढेच त्याचे काम. छापून झाल्यावर लिहिलेले परीक्षण, माझ्या या लेखासारखे, लेखकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.