दऱ्यांचा दर्या

गेल्या वर्षी मी एका जुन्या मराठी दिवाळी अंकाची वेबसाइट वर्डप्रेसवर हलवली. साइट अगदी साधी होती. प्रत्येक लेखाची एक एचटीएमएल फाइल, सगळ्या हातानं लिहिलेल्या आणि त्यांना जोडणारं एक अनुक्रमणिकेचं पान. "कॉपी-पेस्टचंच काम आहे," असं मला सांगितलं गेलं आणि मलाही ते पटलं. तिसऱ्या दिवशी सह्याद्रीवरच्या एका लेखात मला 'दर्यांमध्ये उतरलेलं धुकं' दिसलं. जुन्या पानावर शब्द होता 'दऱ्यांमध्ये'. दरीचा समुद्र मी केला होता, आणि अशी किती पानं हातावेगळी करून मी पुढे गेले होते कुणास ठाऊक.

हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा आहे. पण घरोघरच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर मराठी वेबसाइट्स एक युक्ती करायच्या. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची, फक्त फाँट असा बनवलेला की त्या अक्षरांच्या जागी 'क', काना, रफार असे तुकडे दिसावेत. फाँट काढून घेतला की खाली निव्वळ अगम्य चिन्हं उरतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरला बरीच उलथापालथ करावी लागते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, ती साठवताना मागे न्यायची. रफार नंतर दिसतो, तो पुढे आणायचा. आणि 'ऱ्य'मधला तो अर्धचंद्रासारखा 'र' कन्व्हर्टरला ओळखता आला नाही, तर तो सरळ 'र्य' करून टाकतो. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. स्पेलचेकही गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात.

इंग्रजी वेबवर हा प्रश्न जवळजवळ नाही. 'स्पेस जॅम' या १९९६च्या सिनेमाची वेबसाइट तारे-ग्रहांच्या मेनूसकट पंचवीस वर्षं जवळपास तशीच पडून होती. २०२१ मध्ये नवा सिनेमा आला तेव्हा नव्या साइटनं तिचा पत्ता घेतला आणि जुनीला त्याच पत्त्याच्या आत एक खोली मिळाली. तिला हात लावायची गरज नव्हती, कारण तिची अक्षरं आजही वाचता येतात. आपल्या जुन्या पानांना ती चैन परवडत नाही. तुमच्या फोनवर तो फाँट नाही आणि येणारही नाही. सर्चला ते पान सापडत नाही, कारण सर्चच्या लेखी ते मराठी नाहीच. म्हणून 'जुनं ते सोनं, जसं आहे तसं ठेवा' हा सल्ला मला मान्य नाही. पान हलवावंच लागतं. पण ते हलवणं म्हणजे संपादन आहे, आणि आपण ते हमाली समजून करतो.

कवितांचंच बघा. ओळ आत सरकवण्यासाठी कुणीतरी मेहनतीनं न तुटणाऱ्या स्पेसेस मोजून भरल्या होत्या. माझ्या पहिल्या खेपेत त्या 'फालतू कोड' म्हणून साफ झाल्या आणि सगळ्या ओळी डाव्या कडेला शाळेच्या रांगेसारख्या उभ्या राहिल्या. शब्द एकही गेला नव्हता. कवितेचा श्वास मात्र बदलला होता.

त्याहून मोठा बदल क्रमाचा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून अनुक्रमणिका हे संपादकाचं विधान असतं. कुठली कथा आधी, कुठल्या लेखानंतर कविता, शेवटी काय, यात त्याची समज दिसते. वर्डप्रेसला अनुक्रमणिका ठाऊक नसते, तारीख ठाऊक असते. तारीख न भरता टाकलेला लेख तो आजचा मानतो. त्यामुळे हयात नसलेल्या एका लेखकाची कथा आमच्या साइटवर दिवसभर 'नवीन' म्हणून सगळ्यात वर होती. तो अंक कधीतरी एकत्र, एका हेतूनं निघाला होता, हे कुठंच दिसत नव्हतं. पुस्तकाची शिलाई उसवून पानं तारखेप्रमाणे लावावीत, तसं ते झालं होतं.

आणि पत्ते. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यानं १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्याकडे पाठवणारा ३०१ रीडायरेक्ट लावणं हे एका संध्याकाळचं काम. ते टाळलं, तर कुणाच्या प्रबंधात छापलेला संदर्भ कायमचा मेला.

पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धशतक खपून केली. तिथली एक पद्धत मला या कामात सारखी आठवत राहिली. पोथ्या ताडून ठरवलेला पाठ वर, पाठभेद खाली. जे स्वीकारलं नाही तेही फेकलं नाही, वाचकासमोर ठेवलं. आपली तुलना त्या कामाशी नाही. पण नियम तोच लावता येतो, आणि तो लावायला अर्धशतक लागत नाही.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. 'र्य' असलेला प्रत्येक शब्द जुन्या पानाशी ताडला. कवितांच्या ओळी मोजून लावल्या. प्रत्येक अंकाला त्याचं अनुक्रमणिकेचं पान त्याच क्रमानं परत दिलं. जुन्या फाइल्स फाँटसकट एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि प्रत्येक लेखाखाली एक ओळ लिहिली: मूळ पान इथे, मजकूर अमुक तारखेला युनिकोडमध्ये आणला, चूक दिसल्यास कळवा. दोन आठवड्यांचं काम पाच महिने चाललं.

काही चुका अजूनही असतील. पण आता 'दर्या' वाचून एखाद्याला शंका आली, तर दरी कुठे शोधायची हे त्याला त्याच पानावर सापडेल.