दीघावुकथा आणि शांतीचा चित्रपट

कथा आणि चित्रपट यांच्या साहाय्याने तरुणांनी शांतीचे कार्य करावे, हा विचार आज अनेक देशांत मांडला जातो. तो तपासून पाहण्यासाठी नायजेरियातील एक अनुबोधपट आणि विनयपिटकातील एक कथा आम्ही शेजारी ठेवली.

'द इमाम अँड द पास्टर' हा ॲलन चॅनर यांचा अनुबोधपट २००६ साली आला. कडुना येथील मुहम्मद अशफा व जेम्स वुये हे तरुणपणी परस्परविरोधी सशस्त्र गटांचे म्होरके होते. १९९२ च्या संघर्षात वुये यांचा उजवा हात गेला. अशफा यांनी आपले गुरू व नातलग गमावले. सूडाची भावना दोघांच्याही मनात धुमसत राहिली. १९९५ साली ते समोरासमोर आले आणि पुढे दोन्ही धर्मांच्या तरुणांना एकत्र बसविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. एका प्रवासात एकाच खोलीत मुक्काम असता, झोपलेल्या अशफांना उशीने गुदमरवून मारावे असा विचार आपल्या मनात आला होता, अशी कबुली वुये देतात. चित्रपटाचे खरे सामर्थ्य अशा कबुलीत आहे.

येथे महावग्गातील दीघावुकुमाराचे स्मरण अपरिहार्य ठरते. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलाचा राजा दीघीति याचे राज्य जिंकले आणि पुढे त्याला राणीसह ठार केले. मुलगा दीघावु वेष पालटून ब्रह्मदत्ताच्याच सेवेत शिरला. एके दिवशी अरण्यात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली आणि पित्याचा उपदेश आठवून तीनदा म्यान केली. वैर लांबवू नये, स्नेह घाईने तोडू नये, असा त्या उपदेशाचा आशय. निद्रिस्त शत्रू आणि सिद्ध झालेला हात, हा प्रसंग दोन्हीकडे आहे.

परंतु कथा तेथे संपत नाही. ब्रह्मदत्ताने दीघावूला त्याच्या पित्याचे सैन्य, जनपद, कोष आणि कोठार परत केले. क्षमेबरोबर हिरावलेले परत मिळाले, म्हणून तो समेट टिकाऊ ठरला. या कसोटीवर चित्रपट उणा पडतो. १९९२ साली झांगोन कटाफ येथे वणवा पेटला तो बाजाराच्या स्थलांतरावरून. त्यामागे जमिनीचा आणि मूळ रहिवासी कोण, या हक्काचा जुना वाद होता. चित्रपटात दोन माणसांचे हृदयपरिवर्तन ठळक होते आणि हा प्रश्न मागे सरतो, असे आमचे मत आहे. कोणाला काय परत मिळाले, हे न विचारणारी शांती दुर्बलांना केवळ गप्प राहावयास शिकविते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बुद्धांनी ही कथा कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितली, तेव्हा त्यांनी ती मानली नाही. बुद्ध तेथून निघून गेले. त्यानंतर कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना अभिवादन करणे व भिक्षा देणे बंद केले. मग ते सावत्थीला गेले, दोषी भिक्खूने आपली चूक मान्य केली आणि संघ पुन्हा एक झाला. प्रत्यक्ष बुद्धांच्या मुखातील कथेलाही समाजाच्या कृतीची जोड लागली, हे विनयाने लपविलेले नाही.

या दृष्टीने २०१० चा 'ॲन आफ्रिकन आन्सर' हा त्याच परंपरेतील चित्रपट आम्हांस अधिक उपयुक्त वाटतो. २००७-०८ च्या निवडणूकोत्तर हिंसाचारानंतर अशफा आणि वुये केनियातील बर्न्ट फॉरेस्ट भागात गेले. दुरावलेल्या समाजांना त्यांनी बोलते कसे केले, हे तो दाखवितो. येथे केवळ शांत झालेले चेहरे दिसत नाहीत, शांतीची रीतही दिसते.

तरुणांच्या मेळाव्यात असे चित्रपट अवश्य दाखवावेत. मात्र पडदा काळा झाल्यावर सभा विसर्जित करू नये. कोणाचे काय गेले आणि ते कोण परत करणार, ही चर्चा तेथूनच सुरू व्हावयास हवी. दीघावूची तलवार म्यानात गेली हे खरे; पण कोसल त्याला परत मिळाले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.