भावविवशता
भावविवशता : साहित्यकृतीत व्यक्त झालेली भावना तिच्या कारणाच्या मानाने अतिरिक्त वा अनाठायी ठरते, तेव्हा त्या दोषास भावविवशता म्हणतात. ‘विवश’ म्हणजे स्वतःवर ताबा न राहिलेला. भावनेची तीव्रता हा येथे दोष नव्हे. भावना आणि तिचा विषय यांतील प्रमाण सुटणे, हा दोष होय. म्हणून भावोत्कटतेहून ती वेगळी मानावी लागते.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेल्या प्रेक्षकास रसप्रतीती होत नाही, असा त्याचा आशय. हे विघ्न रसिकाचे. आधुनिक संज्ञा मुख्यतः कृतीस लावली जाते. तथापि स्वतःच्या भावनेतच रमणे हा दोहोंतील समान दुवा होय. इंग्रजीतील ‘सेंटिमेंटल’ हा शब्दही अठराव्या शतकात सहृदयतेचा वाचक होता. लॉरेन्स स्टर्नच्या अ सेंटिमेंटल जर्नी (१७६८) या शीर्षकात तो दूषण म्हणून आलेला नाही. पुढे त्यास निंदाव्यंजक अर्थ चिकटला. आय्. ए. रिचर्ड्‌सने प्रॅक्टिकल क्रिटिसिझम (१९२९) या ग्रंथात त्याच्या निरनिराळ्या अर्थांची छाननी केली.

मराठीत प्रेमकवितेवर हा आक्षेप वारंवार घेतला जातो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता या संदर्भात उद्‌बोधक आहे. जी. एन्. जोशी यांच्या गायनाने ती घरोघर पोहोचली. तिच्यातील नायिका स्वतःच्या प्रेमाची थोरवी सांगत नाही. अवेळी शीळ घालणाऱ्या प्रियकराविषयी लटकी तक्रार करते. ओढ आणि संकोच ही दोन्ही त्या तक्रारीतच सामावतात. भावना उत्कट असूनही ती प्रसंगाच्या व बोलीच्या आधाराने उभी राहते. शीळ (१९५४) ते साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभलेल्या खूणगाठीपर्यंत (१९८५) प्रेमभावना हा त्यांच्या कवितेचा मुख्य विषय राहिला, हे लक्षात घेता विषयाच्या कोमलतेवरून दोष ठरविता येत नाही, हे स्पष्ट होते.

ही संज्ञा मात्र अनेकदा निव्वळ शिक्का म्हणून वापरली जाते. साने गुरुजींच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकावर भावविवशतेचा आरोप होतो. त्यात अश्रू पुष्कळ आहेत. पण अंघोळीनंतर मुलाच्या पायांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरावा, यासारख्या प्रसंगांत भावनेला प्रत्यक्ष कृतीचा आधार आहे. म्हणून असा आरोप समग्र कृतीवर सरसकट न करता, प्रमाण कोठे सुटले हे त्या त्या स्थळी दाखविणे, ही समीक्षकाची जबाबदारी ठरते. तसे न केल्यास ही संज्ञा समीक्षकाची केवळ नावड व्यक्त करते.